सोबत राहणारा इसम

राधाबाई जाऊन पाच महिने झाले. फणसवाडीतल्या त्यांच्या खोलीची भाडेपावती आता कोणाच्या नावावर करायची, हे ठरवायला रविवारी सकाळी बिल्डरच्या ऑफिसातला अजित फाइल घेऊन आला. चाळ पडणार, टॉवर होणार. पावतीवर ज्याचं नाव त्याला नवीन घर, बाकीच्यांनी त्याच्या तोंडाकडे बघत जगायचं.

राधाबाईंचा मुलगा हेरंब पहाटेच वापीहून आला होता. अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. एकुलता एक मुलगा तो, नाव त्याचंच लागणार, त्यात विचारायचं काय? आणि लागायलाच हवं होतं. कापड रंगवायच्या ज्या कारखान्यात त्याने एकोणीस वर्षं छातीत केमिकल ओढलं, तो बंद पडला होता. कंपनीची क्वार्टर एकतीस तारखेला खाली करायची होती. टिटवाळ्याला बुक केलेल्या फ्लॅटचा बिल्डर पळून गेला होता, बँक मात्र हप्त्याला हजर होती. या दीडशे फुटांशिवाय त्याला डोकं टेकायला जागा नव्हती.

"घ्या लिहून," तो म्हणाला. "हेरंब वसंत साटम."

अजितने पेनाचं टोपणसुद्धा काढलं नाही. "साहेब, आमच्याकडे असं आहे की मयत भाडेकरूसोबत शेवटपर्यंत राहणारा घरातला इसम लागतो. नुसता वारस चालत नाही. इथे राहत होता याचं काही आहे का? आधार, रेशनकार्ड?"

"अरे, माझा जन्म या खोलीतला आहे."

"जन्म नको. राहणं दाखवा."

आधार वापीचं होतं. रेशनकार्डावरचं नाव त्याने स्वतःच खेटे घालून कमी करून घेतलं होतं. ओट्यापाशी त्याची बायको मेघना तांदूळ धूत होती. वळून न बघता ती म्हणाली, "आकांक्षा, तो कागद दे त्यांना."

आकांक्षा म्हणजे मुलगी, चोवीस वर्षांची. ठाकूरद्वारच्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते, तिच्या पगारावर घर चालतं. तिने आजीच्या ट्रंकेतून प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी केलेला स्टँपपेपर आणला.

हेरंबने तो लांबूनच ओळखला. तेरा वर्षांपूर्वी सरकारी घरांच्या सोडतीत अर्ज भरताना एका एजंटाने त्याला सांगितलं होतं, आईची खोली दिसली तर बाद व्हाल. हेरंबने त्याला दोन हजार देऊन कोर्टाबाहेर प्रतिज्ञापत्र करून घेतलं. 'मी माझ्या आईपासून विभक्त राहत असून तिच्या खोलीशी माझा कसलाही संबंध नाही व भविष्यातही राहणार नाही.' खाली त्याची सही, आणि संमती म्हणून राधाबाईंची वाकडीतिकडी सही. त्यांना काही वाचून दाखवलं नव्हतं. घर त्या वर्षी लागलं नाही, पुढच्या पाच वर्षांतही लागलं नाही.

"हे खोटं आहे," हेरंब म्हणाला. "फॉर्मपुरतं. तेव्हा सगळेच करायचे."

"खोटं कसं?" मेघना म्हणाली. "तेवढा एकच कागद तुम्ही खरा केलात."

रविवारी डबल रेट मिळायचा. टिटवाळ्याचा हप्ता सुरू झाल्यावर हेरंबने एकही रविवार सोडला नाही. फ्लॅटचा ताबा मिळाला की मग बायको-पोरीसोबत सगळे रविवार आपलेच, असं तो समजत होता. जणू रविवार फिक्समध्ये टाकलेत, व्याजासकट परत येतील. कारखान्याने रविवार खाल्ले, ते विकून आलेला पैसा बिल्डरने खाल्ला, आणि हा गाढव दोघांनाही वाढत राहिला.

"शेजाऱ्यांचे जबाबही घेतलेत. नाव वहिनींचं लागेल, तुमची फक्त ना-हरकतीवर सही हवी," अजित म्हणाला आणि वाचू लागला. "शेवंती गावडे, खोली बारा. 'राधाबाईंचं खुब्याचं हाड मोडल्यापासून तीन वर्षं सून आणि नात त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून, उचलून गॅलरीच्या टोकाच्या संडासात न्यायच्या. मुलगा पाहिला नाही.'"

"मुलगा पाहिला नाही? मी दर गणपतीला येतो."

"गणपतीला सगळेच येतात साहेब."

आकांक्षा दाराशी उभी होती. "पप्पा, कमोडची खुर्ची सांगितली होती तुम्हाला. साडेतीन हजारांची. तुम्ही म्हणालात, पुढच्या महिन्यात. मग परत पुढच्या."

"हप्ता होता गं."

"माहितीये. आजीलाही माहीत होतं. आम्हाला त्रास नको म्हणून ती पाणी कमी प्यायला लागली. शेवटी तर घोट घोट."

हेरंबला हे कोणी सांगितलं नव्हतं. आई किडनीने गेली, एवढंच त्याला फोनवर कळलं होतं. त्याला राग आला. लाज वाटली की त्याला रागच यायचा.

"मी ना-हरकतीवर सही करणार नाही. कोर्टात जातो. अडकू दे सगळ्यांचंच."

"सही नसेल तर खोली वादात जाईल," अजित म्हणाला. "पर्यायी जागेचं भाडं थांबेल. वहिनींचंही."

"जा ना कोर्टात," मेघना म्हणाली. "आम्हाला अडकायची सवय आहे."

"पप्पा, एकच सांगा," आकांक्षा म्हणाली. "नाव लागलं तर घराचं काय कराल? खरं सांगा."

हेरंबने तोंड उघडलं. आईच्या दहाव्याला, पिंडाला कावळा शिवायची वाट बघत असताना, त्याने जागेच्या एका दलालाला फोनवर इथला भाव विचारला होता. मेघना तेव्हा दोन हातांच्या अंतरावर उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. हे विकायचं, बँकेच्या तोंडावर पैसे मारायचे, उरलेल्यात टिटवाळ्याची केस लढायची. सगळं ठरलेलं होतं. एक बुडालेलं वाचवायला दुसरं बुडवायचं, एवढंच त्याला येत होतं. त्याने खोटं शोधून पाहिलं. साधं, बापाच्या तोंडी शोभेल असं एखादं. सापडलं नाही.

"दे इकडे," तो अजितला म्हणाला आणि सही केली.

सहीखाली पत्ता लिहायचा होता. हात आपोआप 'फणसवाडी' लिहू लागला. आकांक्षाने त्याचं मनगट धरलं, हलकेच, इंजेक्शन देताना धरते तसं.

"हा नका लिहू पप्पा. परत घोळ होईल."

अजितने दुसरी प्रत पुढे केली. हेरंबने त्यावर पुन्हा सही केली आणि वापीच्या क्वार्टरचा पत्ता लिहिला, पिनकोडसकट. तिथले अजून अकरा दिवस बाकी होते.

अजित गेला. कुकरची शिट्टी झाली. मेघनाने गॅस बारीक केला आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे वळून बघितलं. आवाजात राग नव्हता. दारात आलेल्या लांबच्या नातेवाइकाशी बोलावं, तशी ती म्हणाली,

"आता जेवूनच जा."

हेरंबने जाण्याचं नावही काढलं नव्हतं.

"बरं," तो म्हणाला.