लिबर्टीबाईचं अभ्यंगस्नान

शारजातल्या अल नहदाहून दुबईला नोकरीला जाणं म्हणजे त्या काळी काय दिव्य होतं, ते तिथे राहिलेल्यालाच ठाऊक. भानुदास टिल्लूंच्या गाडीत एकदा इडलीच्या पिठाचा डबा राहून गेला. गाड्यांच्या रांगेत अडकत अडकत ऑफिसला पोचेपर्यंत पीठ फुगलं, झाकण उडवलं आणि मागच्या सीटवर ऐसपैस बसून राहिलं. ज्याला हे खोटं वाटत असेल त्याने ती सीट हुंगून बघावी, आंबूस वास अजून आहे. तर अशा त्या रांगेत भानुदासरावांनी नऊ वर्षं एकाच गोष्टीचा जप केला: सतराशे नव्व्याण्णव.

म्हणजे त्या सालचा अमेरिकेचा एक सेंट. तांब्याचा, आपल्या राणीछाप रुपयाएवढा. १७९३ पासून १८१४ पर्यंत दर सालचा एकेक सेंट जमवायचा हे भानुदासरावांचं वेड. १८१५ सालचा सेंट अमेरिकेने काढलाच नाही, म्हणून तिथवर पोचलं की गड सर, असा त्यांचा हिशोब. काही नाणी जहाजावरच्या इंजिनियरांकडून मिळवली, काही दुबईच्या डेरा भागातल्या जुन्या बाजारातून. अल्बमात बावीस खळगे, एकवीस भरलेले. मधला एक रिकामा. पुढचा दात पडलेल्या पोरासारखा तो अल्बम रोज त्यांना दात दाखवी.

ते १७९९ होतं बदरुद्दीनशेठकडे. शेठ सत्तरीचे, शारजात हार्डवेअरचं दुकान. पैसे दाखवले तर अंगावर येत. त्यांना हवं होतं भानुदासरावांकडचं जादा १७९४. त्याच्यावर अमेरिकेच्या स्वातंत्र्यदेवीचा, म्हणजे लिबर्टीबाईचा मुखडा, केस मोकळे, पाठीमागे काठी आणि काठीच्या टोकाला टोपी. दोनशे वर्षांत कुणी बोट लावलं नसावं अशी अंगावर चॉकलेटी साय. जुन्या तांब्याचा सगळा मान त्या सायीत असतो.

"जुम्मे को सुबह आता हूँ," शेठ फोनवर म्हणाले. "तुम मेरी लो, मैं तुम्हारी. खलास."

गुरुवारी लक्ष्मीपूजन होतं. भानुदासरावांनी आदल्या रात्रीच नाणं कापसात गुंडाळून, डबीत घालून हॉलमधल्या फडताळात काढून ठेवलं आणि सकाळी ते कामावर गेले. संध्याकाळी घरी आले, हातपाय धुऊन देवापुढे बसले आणि त्यांची नजर ताम्हनाकडे गेली.

ताम्हनात, चांदीच्या दोन नाण्यांच्या मधे, कपाळावर कुंकू लावून लिबर्टीबाई बसली होती. लखलखीत! नव्या कोऱ्या तांब्याच्या तांब्यासारखी. डोळे दिपावेत अशी. साय कुठल्या कुठे गेलेली.

"अगं विदू, हे..."

"कशी दिसतेय?" विद्युल्लताबाई पदर सावरत म्हणाल्या. "पहाटे तुम्ही आंघोळीला गेलात ना, तेव्हाच घेतली हिला. आधी तेल, मग उटणं, आणि मग चिंच-मीठ. चांगली बिनबियांची चिंच, तीन दिरहमची, म्हणजे आपले अडतीस रुपये! कुठे कुठे मळ बसला होता म्हणून सांगू. नाकात सुद्धा."

"पण का?"

"उद्या जायची ना ती घरातून. घरातली बाई अशी मळक्या तोंडाने पाठवायची, तीही दिवाळीत?" बाई निरांजनाची वात पुढे करत राहिल्या. "आणि खरं सांगू का, पहाटे तेल कोमट करून बसले, आणि मग लक्षात आलं की लावायचं कुणाला. इशिता तर पुण्यात. मघाशी फोन केला, तर 'मम्मा, आय हॅड अ शॉवर, चिल!' म्हणाली. अठरा वर्षांत पहिली दिवाळी, माझ्या हाताला डोकं नाही. मग हिचे केस दिसले, कशी मेली झिंज्या सोडून बसलेली."

भानुदासरावांच्या तोंडात ओरडण्याची चांगली तयारी झाली होती. जीभ टाळ्याला लागलीही होती. ती आरोळी त्यांनी गिळली. घशातून खाली जाताना तिने नऊ वर्षं वेळ घेतला.

"छान," ते म्हणाले. "छान दिसतेय."

शुक्रवारी दहाला बदरुद्दीनशेठ आले. खिशातल्या रेशमी बटव्यातून १७९९ काढून त्यांनी टीपॉयवर ठेवलं. झिजलेलं, काळसर, पण साल स्पष्ट. भानुदासरावांना ते हाताच्या अंतरावर दिसत होतं. त्यांनी निमूटपणे डबी पुढे केली.

शेठनी डबी उघडली. भिंग डोळ्याला लावलं. काढलं. पुन्हा लावलं.

"या अल्लाह! ये किसने किया?"

विद्युल्लताबाई चकलीचं ताट घेऊन दारातच उभ्या होत्या.

"मैंने," भानुदासराव म्हणाले.

"तुमने? नौ साल से तुम मुझे सिखाते हो, ताँबे को साँस भी मत लगाओ! अरे, पुलिस नहीं है क्या इस मुल्क में? दो सौ साल की चमड़ी उतार दी बेचारी की! ये अब सिक्का नहीं, बटन है, बटन! कोट को लगाओ!"

"ग़लती हो गई, शेठ."

"ग़लती? ग़लती चाय में नमक को बोलते हैं!"

ताट टीपॉयवर आदळलं. "भाईसाब, इनको मत बोलिए. मैंने धोया. इमली से."

"तू गप्प बस गं," भानुदासराव म्हणाले. "मैंने धोया, शेठ."

"यांना चिंच कुठल्या डब्यात असते ते सुद्धा माहीत नाही! मैंने धोया!"

शेठ एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिले. आयुष्यात त्यांनी चोरी नाकारणारे पुष्कळ पाहिले होते, चोरीवरून भांडणारं जोडपं पहिल्यांदाच. त्यांनी एक चकली उचलली, खाल्ली, मग आणखी एक. दाढीवरचा चुरा झटकून १७९९ बटव्यात परत घातलं. 

"आज तो सौदा नहीं होगा," शेठ म्हणाले. "लेकिन ताँबा है, फिर साँवला पड़ेगा. बीस साल खुला रखो. मैं नब्बे का हो जाऊँगा, तब आके देखूँगा. तब तक ये मेरी वाली और किसी के घर नहीं जाएगी, इन्शाल्ला. और चकली बाँध दो."

शेठ गेले. लिफ्टचं दार मिटल्याचा आवाज आला.

"एवढं बिघडलं होतं," विद्युल्लताबाई हळूच म्हणाल्या, "तर काल बोलला का नाहीत? छान म्हणालात."

"काल तू रडली असतीस."

"आज रडले तर?"

"आज खुशाल रड. आता मला रागवायचंय."

आणि ते रागावले. सोफ्यावर बसून, हातवारे करून, सायीचं महत्त्व सांगत, चिंचेचा उद्धार करत, चांगली वीस मिनिटं रागावले. बाई समोर बसून सगळं ऐकत होत्या, डोळे पुसत, मधेच हसत. एकदा उठून त्यांनी चहा टाकला, आणि आतूनच ओरडून सांगितलं, "थांबा हं, पुढचं मी आल्यावर बोला."

ते थांबले.