कुसाकाबे साहेबांचं चॉकलेट

जपानमधल्या तात्सुनोच्या सोया सॉस कंपनीतलं व्हॅलेंटाइनचं ‘कर्तव्याचं चॉकलेट’ यंदा बंद झालं. बायकांनी फेब्रुवारीत वाटायचं, पुरुषांनी मार्चमध्ये फेडायचं, या रहाटगाडग्याला दोन्ही बाजू विटल्या होत्या. बंदीचा ठराव मांडला तो हिशेब खात्याच्या कुसाकाबे साहेबांनी. पन्नाशीचा, एकटा, करड्या चेहऱ्याचा माणूस. त्यांच्याच खात्यातल्या तरुण तोमोएला तर हायसंच वाटलं.

व्हॅलेंटाइनच्या आदल्या संध्याकाळी ती स्वतःसाठीच एखादं छानसं चॉकलेट घ्यायला हिमेजीला गेली. मोठ्या दुकानाच्या तळघरात बायकांची ही गर्दी! आणि त्या रांगेत टोपी, मास्क लावून अंग चोरून उभा एक पुरुष.

"साहेब? तुम्ही?"

"हळू बोल गं!" साहेबांचे कान लाल झाले. "आईसाठी घेतोय. दरवर्षी ऑफिसातली चॉकलेटं घरी नेतो ना, तिला वाटतं माझं कुठंतरी जमेल. रिकाम्या हातानं गेलो तर हिरमुसेल बिचारी."

"मग बंदी कशाला आणलीत?"

"तुम्हा पोरींना भुर्दंड नको म्हणून."

तोमोएला हसू आवरेना. तिनं त्यांना संत्र्याच्या सालीचं चॉकलेट निवडून दिलं, वर गुलाबी फीतही बांधून घेतली. "कुणी दिलं विचारलं, तर खुशाल माझं नाव सांगा."

तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली. चौदा तारखेला चॉकलेट घरी गेलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांच्या आई, फुमियोबाई, काठी टेकत थेट ऑफिसात हजर! हातात तीच डबी.

"तोमोए कोण?"

तोमोए उठून वाकली. म्हातारीनं तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि खो खो हसत सुटली. "अगं बाई, ही तर नातीच्या वयाची! काय रे, विकत आणलंस ना?"

साहेबांनी मान खाली घातली.

"आई, तू नाराज होशील म्हणून..."

"नाराज? अरे, तुझं लग्न जमायची आशा मी कधीच सोडली. मला चॉकलेट आवडतं म्हणून दरवर्षी विचारत होते, ‘यंदा मिळालं का?’ मेल्या! आता हे घे. बाईनं पुरुषाला द्यायचं असतं ना? मी देते."

साहेबांनी दोन्ही हातांनी डबी घेतली. तोमोए चहा करायला पळाली, तोवर फुमियोबाईंनी खुर्ची ओढून घेतली होती.

"उघड की लवकर," त्या मुलाला म्हणाल्या, "संत्र्याचं आहे म्हणे."