राहून गेलेली ओ

देवव्रतने पाठवलेला अल्बम सुचित्राबाईंनी तीन वेळा ऐकला आणि तिसऱ्यांदाही माधवराव त्यात नव्हते.

नसणारच. दोष ना देवव्रतचा होता, ना त्याच्या गिटारचा. पण ते कबूल करायला बाईंना आणखी दोन दिवस लागले. पस्तीस वर्षं सकाळच्या शाळेत गणित शिकवलेल्या माणसाला स्वतःची चूक लवकर सापडत नाही.

देवव्रत हा बाईंच्या नवऱ्याच्या, माधवरावांच्या, चौलमधल्या जुन्या दोस्ताचा मुलगा. मुंबईत गिटार वाजवून नाव काढलेला. तो वाजवतो त्याला ब्लूज-रॉक म्हणतात. बाईंच्या हिशेबी ती दुःखाची गाणी होती, फक्त विजेवर चालणारी. गेल्या जानेवारीत त्याने हट्ट धरला, की लाइव्ह अल्बम करायचा तो माधवकाकांच्या वाडीतच, नारळी-पोफळींच्या मधल्या मोकळ्या जागेत, भर दुपारी. माधवरावांना नाही म्हणणं कधी जमलंच नव्हतं. दोनशे माणसं आली. गावातल्या विजेवर विसंबणं नको म्हणून भाड्याचा जनरेटर आणला आणि त्याच्या घरघरीचा त्रास नको म्हणून तो वाडीच्या पार टोकाला, पंपघरापाशी ठेवला. राखणीला स्वतः माधवराव आणि वाडीवरचा गडी भिकू. यजमान असून त्यांनी कार्यक्रम पंपघरावरूनच ऐकला.

आता कुकाऱ्याचं सांगायला हवं. वाडी लांबलचक. घर रस्त्याच्या बाजूला, पंपघर मागे. रोज चारच्या सुमाराला माधवराव तिकडून कुकारा घालत, म्हणजे हाकेऐवजी एक लांब ‘कूऽऽ’, आधी खालच्या पट्टीत आणि मग झटक्यात वर उचललेला. बाईंनी मागच्या दारात येऊन ‘ओऽ’ द्यायची आणि चहाचं आधण ठेवायचं. ओ मिळाली की माधवराव पंप बंद करून निघत. एकदाच कुकारा घालत, पुन्हा नाही. ओ येईपर्यंत गप्प थांबत. तेहतीस वर्षं या दोघांचं सगळ्यात नेमाने झालेलं संभाषण हेच होतं.

त्या दुपारी चौथं गाणं चाललं होतं. देवव्रतने गिटार अशी चढवत नेली, की लोकांचे श्वास अडकले, आणि अगदी टोकाला नेऊन तो थांबला. सगळं शांत. हे थांबणं गाण्यातलंच होतं, पण पंपघरापाशी ते कुणाला कळणार? गाणं थांबलं म्हणजे मध्यंतर आणि मध्यंतर म्हणजे चहा. त्या शांततेत वाडीच्या टोकाहून माधवरावांचा कुकारा आला.

दोनशे माणसं हसली. देवव्रतने क्षणभर मान वळवली आणि तोच कुकारा तारेवर काढला, खालून वर, हुबेहूब. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या सुचित्राबाईंचे मात्र कान तापले. त्यांनी ओ दिली नाही. उलट कार्यक्रम संपताच ध्वनिमुद्रण करणाऱ्या क्षिप्राला गाठून म्हणाल्या, की ते मधलं ओरडणं तेवढं काढून टाका. पोरगी म्हणाली, “काकू, लाइव्ह अल्बम आहे. जे झालं ते झालं.” बाईंनी वर्गातला आवाज लावून पुन्हा सांगितलं. त्या आवाजापुढे हेडमास्तरांचंही कधी चाललं नव्हतं.

गणपती गेले आणि आठव्या दिवशी माधवराव गेले. बसल्या जागी, छातीत कळ येऊन.

फोटो होते, चष्मा होता, जत्रेतल्या टोप्या होत्या. आवाज कुठेच नव्हता. फोनवर हा माणूस ‘हं, बरं, ठेवतो’ यापलीकडे कधी गेला नाही आणि तेवढंही कुणी जपून ठेवलं नव्हतं. चेहरा डोळे मिटले की समोर येई, पण चार वाजता मागच्या दारात कितीही उभं राहिलं तरी कुकारा काही मनात उमटेना. तो वर कुठवर जायचा, हेच बाई विसरत चालल्या होत्या. याची त्यांना भीती वाटत होती आणि ती सांगायला घरात कुणी नव्हतं. अल्बम येणार, त्यात तो असणार, एवढ्यावर त्यांनी तीन महिने काढले. आपणच तो काढायला लावला हे त्या विसरल्या होत्या असं नाही. पोरांनी ऐकलं नसेल, अशी त्यांना आशा होती.

पोरांनी ऐकलं होतं. चौथ्या गाण्यात ती शांतता होती, आणि मग नुसतीच गिटार कुकारा घालत होती. कुणाला उत्तर देतेय ते ऐकणाऱ्याला कळू नये. तिन्ही वेळा त्या दोन सुरांशी बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या होत्या.

शेवटी त्यांनी देवव्रतला फोन केला. आयुष्यात कुणापुढे काही मागितलेलं नव्हतं, त्यामुळे धड मागताही आलं नाही. माधवकाकांचा आवाज हवाय, एवढं त्याला कळलं. मग म्हणाला, की क्षिप्राला पाठवतो.

रविवारी क्षिप्रा बोटीने मांडव्याला उतरून चौलला आली. तिने ओटीवर लॅपटॉप उघडला. त्या दिवशी सात माइक होते, प्रत्येकाचं मुद्रण वेगळं. तिने एकेक लावलं. ड्रमजवळच्या माइकवर काही नाही. देवव्रतच्या माइकवर त्याचा श्वास. प्रेक्षकांच्या माइकवर जिथे कुकारा असायला हवा तिथे सारवल्यासारखी सपाट जागा. क्षिप्रा खाली मान घालून म्हणाली, की मूळ प्रतही तिने ठेवलेली नाही.

“एक राहिलाय,” ती म्हणाली. “वाडीचा घुमारा यावा म्हणून पंपघराजवळच्या पोफळीला बांधला होता. नुसता जनरेटर आला असणार म्हणून मी तो उघडलाच नाही.”

जनरेटरच होता. घरघर, घरघर. दूर कुठेतरी गिटार. ती थांबली. आणि इतक्या जवळून, की बाईंनी पदर सावरला, माधवरावांचा कुकारा आला. वर, अगदी वर. विसरल्या होत्या त्याहून वर.

पुढे हसण्याचा आवाज, टाळ्या. मग भिकूचा आवाज: “वयनींनी ओ न्हाय दिली.”

“नाही देणार,” माधवराव म्हणाले. “चार माणसांत बसल्येय, लाजेल. मनात दिली असेल.”

“मंग चाय?”

“थांबू. देईल.”

क्षिप्राने थांबवलं. बाई पोफळींकडे बघत बसल्या. मनात दिली असेल! मनातही दिली नव्हती. मनात त्या दिवशी नुसता राग होता, आणि तो माणूस जनरेटरपाशी बसून त्यांची बाजू घेत होता. बाईंना रडू फुटलं आणि त्यांनी ते आवरलं नाही.

बऱ्याच वेळाने क्षिप्रा हळूच म्हणाली, की कुकारा स्वच्छ करून अल्बममध्ये परत बसवता येईल. आणि काकूंची ओसुद्धा. आत्ता मुद्रित करून घेऊ, कुणाला कळणार नाही.

“नको,” बाई म्हणाल्या. “तूच म्हणाली होतीस ना, जे झालं ते झालं? मी ओ दिली नव्हती. कुकारा घाल आणि त्यापुढे मी गप्पच असू दे. त्यांचं बोलणं तेवढं मला दे.”

मग त्यांनी लॅपटॉप मिटायला लावला. चार वाजून गेले होते. त्या मागच्या दारात गेल्या. पहिल्यांदा आवाज निघालाच नाही. दुसऱ्यांदा त्यांनी ओ दिली, चिरकी, पण लांब.

वाडीच्या टोकाला पंप बंद झाला. गणपतीपासून भिकूचा चहा थर्मासमधून जात होता. आज तो हातपाय धुऊन स्वतःच आला आणि पायरीवर बसला.

“दादा बोल्लेच व्हते,” तो म्हणाला. “देईल म्हनून.”

बाई आधण ठेवायला आत गेल्या.