गोल की काडीसारखे

कापूस पांढराच राहिला.

काचबाईंनी टेलरच्या कुत्र्याच्या, बटणच्या, शेपटीच्या मुळाशी पुन्हा फणी फिरवली, निघालेला कचरा ओल्या कापसावर झटकला आणि वाट पाहिली. पिसवांची विष्ठा असती तर कापूस तांबूस झाला असता. ती म्हणजे कुत्र्याचंच पचलेलं रक्त. पहिल्या खेपेला कापूस लालभडक झाला होता.

"पिसवा गेल्या, टेलरभाऊ."

"त्या जाणारच! अंथरूण उकळलं, फरशीच्या फटीसुद्धा घासल्या. गोळ्या तीन-तीन आठवडे, दोनदा. माझी बीपीची गोळी चुकते, बटणची नाही." टेलरने कुत्र्याचा पंजा धरून ठेवला होता, नाहीतर तो पोट ओरबाडत होता. "मग हा खाजवतोय कशाला?"

काचबाईंनाही तेच कळेना. पोटावरच्या पुळ्या फुटून त्यांच्या कडांना पापुद्रे धरले होते. त्यांनी एका ओल्या जखमेवर काचेची पट्टी दाबली, वाळवली, तीन बाटल्यांतल्या रंगांत बुडवली आणि सूक्ष्मदर्शकापाशी बसल्या.

सव्वीस वर्षांपूर्वी त्या जनावरांच्या या दवाखान्यात झाडू मारायला आल्या होत्या. टेबल पुसताना सूक्ष्मदर्शकात डोकावताना पकडल्या गेल्या, तर थोरले डॉक्टर म्हणाले, "पुसा नंतर, आधी बघा." बाई बघतच राहिल्या. पुढे वाचून, विचारून, चुकून शिकल्या. नावही मागे पडलं; काचा बघणाऱ्या त्या काचबाई.

चार महिन्यांपूर्वी मात्र नजरेच्या बरोबर मध्यभागी एक डाग येऊन बसला. कडेचं दिसायचं, पळणारी पिसू अजून पटकन टिपायच्या. पण ज्याच्याकडे रोखून बघावं तेच नेमकं पुसलं जायचं. गेलेली नजर परत येणार नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. दवाखान्यात त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. पिसू चावते, कुत्रा खाजवतो, कातडी फाटते आणि गोल जंतू घर करतात. दहातल्या नऊ वेळा हेच असतं. मग न दिसताही त्या सांगायच्या, "गोल, गुच्छात." आजवर निभावलं होतं.

"मावशी, काय दिसतंय?" थोरल्या डॉक्टरांची मुलगी, आताची डॉक्टरीण, हात पुसत आली.

'गोल' हा शब्द अगदी ओठांवर होता. तेवढ्यात बटणचा पंजा सुटला आणि नखांचा खरखर आवाज आला. "नको रे राजा, नको," टेलर पुटपुटला.

"मला दिसत नाही," काचबाई म्हणाल्या.

"काच बिघडली असेल. दुसरी घ्या."

"काच चांगली आहे. डोळा बिघडलाय. चार महिने झाले."

"मग याच्या आधीच्या दोन काचा?"

"अंदाजाने सांगितलं."

"मावशी! त्या अंदाजावर मी औषध दिलंय!"

"माहीत आहे मला."

टेलरने बटणला आपल्याकडे ओढून घेतलं, काचबाईंपासून लांब. ओरडला असता तर बरं झालं असतं.

काचबाई उठल्या. खुर्चीवरची आपली चपटी उशी काढून घेतली, कारण डॉक्टरीण उंच होती. डॉक्टरीण बसली. तिने बराच वेळ स्क्रू फिरवला.

"काडीसारखे आहेत," ती शेवटी म्हणाली. "गोल जवळजवळ नाहीतच. म्हणून आपलं औषध लागू पडलं नाही. टेलरकाका, नमुना आजच मोठ्या लॅबला पाठवते. कुठलं औषध चालेल ते कळलं की बरा होईल तो. आणि आजपासून काचा मीच बघणार, मावशी."

"हो. बघायलाच हव्यात."

टेबलाच्या या बाजूला उभं राहायची त्यांना सवय नव्हती. उशी पोटाशी धरून त्या थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग राहवलं नाही.

"सुटे आहेत की जोडीने?"

डॉक्टरीण रागात होती. "काही सुटे. काही जोडीने."

"आणि पांढऱ्या पेशी? गिळलेत का त्यांनी?"

"गिळलेत." सूक्ष्मदर्शकावरचं डोकं न उचलता डॉक्टरीण म्हणाली. "एकीच्या पोटात तीन आहेत. आडवे, शेजारी शेजारी."

"तीन!" काचबाई म्हणाल्या, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले, नीट दिसावं म्हणून.