पाण्यातली साखर

लघवीतली साखर तपासायची म्हणजे तेव्हा मोठाच व्याप असे. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात थेंब टाकून दिव्यावर उकळायचं आणि घरभर वास सोसायचा. प्रयोगशाळेतल्या जावयाने त्यावर तोड काढली: औषध लावलेली कागदाची पट्टी. बुडवा, जरा थांबा, बघा. पिवळीच राहिली तर साखर नाही. हिरवी झाली तर आहे.

पहिलं गिऱ्हाईक घरातच होतं. सासरे. मधुमेह जुना, पायाच्या अंगठ्याची जखम भरत नव्हती, आणि गोड दिसलं की जिभेला लगाम नव्हता.

रोज सकाळी ते न्हाणीघरातून पिवळीधमक पट्टी मिरवत येत. "घ्या, जावईबापू! शंभर नंबरी सोनं!"

दवाखान्यात उकळून पाहिलं की मात्र साखरच साखर. प्रयोगशाळेचे साहेब कडाडले, "तुमची पट्टी आंधळी आहे. सोमवारपर्यंत सुधारा, नाहीतर हे काम बंद."

जावई घरीच मेज मांडून बसला. ग्लुकोजची पूड पाण्यात कालवली, पट्टी बुडवली. हिरवी. पुन्हा बुडवली. हिरवीच.

"मग बाबांच्याच वेळी हिला काय होतं?"

"घाबरत असेल त्यांना," बायको म्हणाली. "आणि अहो, ही पूड खाता की काय? डब्याचा तळ दिसायला लागला."

रविवारी बायको न्हायला गेली होती. सासरे दाराशी ताटकळले आणि पट्टी घेऊन खोलीत परतले. थोड्या वेळाने आतून आरोळी आली, "बिघडली हो तुमची पट्टी!"

पट्टी गर्द हिरवी होती.

"बिघडली नाही, बाबा. साखर आहे."

"कुठली साखर? मी तर पाण्यात बुडवली!"

बोलून गेले आणि मग जीभ चावली. ओल्या केसांनी दारात आलेल्या लेकीने उशाशी ठेवलेल्या पेल्यातलं पाणी चाखलं.

"गोड आहे! तरीच डबा रिकामा!"

"ही लघवीतली साखर ओळखते म्हणाला होतात ना?" सासरे जावयावरच उखडले. "पाण्यातली पण ओळखते?"

"आणि रोज पिवळी कशी यायची, बाबा?"

"न्हाणीघरात नळ असतो," ते पुटपुटले. मग अंगठ्याच्या बँडेजकडे बघत म्हणाले, "हिरवी निघाली तर अंगठा कापतील, वाटलं."

"न बघितल्याने वाचतो होय?" लेकीने नवी पट्टी पुढे केली.

ते मुकाट्याने गेले, मुकाट्याने आले. पट्टी हिरवीगार. जावयाने आनंदाने टाळीच वाजवली.

"बये," सासरे लेकीला म्हणाले, "माझ्या दुखण्यावर इतका खूश झालेला माणूस मी जन्मात पाहिला नाही. तो पेला उचल इथून. आता उद्या याचं तोंड उतरवायचंय मला."