बाजेखालचं लांबडं

ईश्वरीच्या बाळाला काही झालं नाही. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. घाबरायचं अजून बाकी आहे.

आत्ता भर दुपार आहे, म्हणून एकदाच लिहून टाकतो: साप. दिवेलागणीनंतर आमच्या घरात हे नाव घेत नाहीत. आपल्याला बोलावलं समजून ते येतं म्हणे. तेव्हा म्हणायचं लांबडं. मी अंबाजोगाईला तत्त्वज्ञानात एम.ए. करतो. सुट्टीत केजजवळच्या आमच्या गावी आलो की आईला समजावतो, की शब्द आणि वस्तूचं नातं माणसांनी ठरवलंय, त्या जनावराला मराठी येत नाही.

आई म्हणते, "मग तू कावून शिकवायलास त्याला?"

त्या दिवशी तिन्हीसांजेला लाइट गेली. थोरली बहीण ईश्वरी बाळाला घेऊन बाजेवर बसली होती. पाय खाली सोडलेले.

"ए, खाली काहीतरी सरकलं बघ," ती हळूच म्हणाली, आणि पाय तसेच अधांतरी वर घेतले.

मी मोबाईलची बॅटरी बाजेवर धरली. सुंभाच्या विणीतून उजेड खाली झिरपला. मनगटाएवढं जाड, वेटोळं घालून बसलेलं.

आईने केजच्या धोंडीराम सर्पमित्राला फोन लावून माझ्या हातात कोंबला.

"मला यायला येळ लागंल," धोंडीराम म्हणाला. "कोणतं हाय ते सांगा. अंगावर ठिपक्यांची साखळी आसंल तर घोणस; ताईंना हलू देऊ नका. ठिपके नसले तर धामण, बिनविषारी. ताईंना लगेच उचला."

मी तोंड उघडलं. आईने डोळे वटारले. तिने उगाच कष्ट घेतले. माझी जीभ आधीच टाळूला चिकटली होती.

"पहिलं," मी म्हणालो.

"पक्कं?"

"ठिपके हायत." तेवढ्यात माझा हात थरथरला आणि ठिपकेही थरथरले. विणीची सावली होती ती. "थांबा. दुसरं. किंवा पहिलंच, पण वर सावली पडलेलं."

"आवो, ठिपका म्हंजे काय, ते तरी म्हाईत हाय का?"

"सकाळपर्यंत होतं."

"उजेड आडवा मारा राव. खाली लोळून बघा."

"मुडद्या, लोळ की," आई कुजबुजली. बाळाच्या पाठीवर ईश्वरीची बोटं पांढरी पडली होती. बाळ निवांत दूध पीत होतं. त्याला अजून एकही शब्द येत नाही.

मी फरशीला गाल टेकवला आणि उजेड आडवा मारला.

बाजेखाली काही नव्हतं.

कुणी सुस्कारा सोडला नाही. होतं तेव्हा निदान एका जागी तरी होतं.

आईने ईश्वरीला बाळासकट ओढत अंगणात नेलं. धोंडीरामने येऊन बाज, पेट्या, धान्याची पोती, सगळं उपसलं.

"न्हाई," तो म्हणाला.

"म्हणजे घरात नाही?"

"म्हंजे मला घावलं न्हाई."

"पण ते दोन्ही एकच ना?"

"तुमी शिकलेली मान्सं. तुमीच सांगा आणि तुमीच आत झोपा."

तेव्हापासून आम्ही अंगणात झोपतो. ईश्वरी तर झोपतच नाही, बाळ मांडीवर घेऊन बसते आणि दाराकडे बघते. म्हणून आज मी अर्ज दिला आहे:

मा. तहसीलदार साहेब, सदर जीव आमच्या घरात नाही, याची आपण समक्ष खात्री करावी, आणि तो जिथे जिथे नाही त्या सर्व जागा नमूद करून, सही-शिक्क्यानिशी तसं प्रमाणपत्र दिवेलागणीपूर्वी द्यावं, ही नम्र विनंती.