तळाशी बसलेली भुकटी

मी एक जुनी भुकटी आहे. पांढरी, चिमूटभर आणि एका जागी बसणं मुळीच न जमणारी! मित्रांनो, माझं काम ऐकलंत तर तुम्हीही उड्या माराल.

तुमच्या पेशींमध्ये जनुकांचा लांबच लांब दोरा रिळांवर गुंडाळलेला असतो. काही प्रथिनं तो इतका आवळतात, की आतलं जनुक वाचताच येत नाही. मी अशाच एका प्रथिनाला जाऊन बिलगते. त्याची पकड सुटते, दोरा सैलावतो आणि मुकं जनुक बोलू लागतं! यासाठीच एका रसायनतज्ज्ञ आजोबांनी मला खपून घडवलं. "गुणाची आहे हो पोर," असं ते सगळ्यांना सांगायचे.

आजोबा निवृत्त झाले. द्रावणात विरघळलेली मी इवल्याशा बाटलीत, शीतपेटीच्या कोपऱ्यात राहिले. थंडीनं हळूहळू द्रावणातून सुटले आणि तळाशी जाऊन बसले. काम नाही, धाम नाही. नुसती तगमग!

एक दिवस एका ताईनं मला बाहेर काढलं. प्रयोगशाळेत तिला सगळे 'वादळ' म्हणतात. जनुक उघडलं की हिरव्या चमकतील, अशा पेशी तिनं वाढवल्या होत्या. तिनं बाटलीतला वरचा द्रव घेतला, पेशींवर सोडला आणि पळाली. अगं, मी खाली आहे, खाली!

पेशी चमकल्या नाहीत. दुसऱ्यांदाही नाहीत.

"निकामी आहे. टाकून दे," प्रयोगशाळेच्या प्रमुख, मोठ्या बाई म्हणाल्या.

"बाई, एकदाच अजून..."

"तुझं 'एकदाच' कधी संपतं का गं?"

वादळ मला मुठीत घट्ट धरून कचऱ्याच्या डब्यापाशी आली. झाकण उघडलं. माझा जीव टांगणीला! तेवढ्यात तिची नजर बाटलीवर गेली.

"बाई, तळाशी हे पांढरं काय आहे?"

"आधी बाटली हलवली होतीस ना?"

"...हलवायची होती?"

बाईंनी कपाळावर हात मारला.

मग काय! कोमट पाण्यात बसवून, गदागदा हलवून मला विरघळवलं. या वेळी पेशींवर खरंच मी उतरले. आत शिरले, त्या प्रथिनाला घट्ट बिलगले. सकाळी वादळ किंचाळली, "बाई, हिरवं! पळत या!"

"पळायचं वय आहे का माझं?" म्हणत बाई पळतच आल्या.

आता उरलेली मी पुन्हा शीतपेटीत आहे. बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'आधी हलवा'. मित्रांनो, तुमच्या आसपासही कुणी गारठून तळाशी बसलं असेल. त्याला निकामी ठरवण्याआधी जरा मुठीची ऊब द्या. आणि वादळाला कुणीतरी सांगा, लवकर ये म्हणावं. मला इथे बसवत नाही!